तांब्याचा पाहुणा

माझा साडू वाईट माणूस असता तर माझं फार सोपं झालं असतं. वाईट माणसावर चिडता येतं, चारचौघांत त्याला नावं ठेवता येतात, घरी येऊन बायकोपुढे बडबड करता येते. पण हा गृहस्थ इतका सरळ आहे की त्याच्याबद्दल वाकडं बोलायला जावं तर आपणच हलके ठरतो. म्हणून मी बोलत नाही. आतल्या आत जळतो. एकोणतीस वर्षं हे चाललंय.

साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दातांचा डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी दवाखाना बंद करून मोकळा झालेला. मी बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली सव्वीस नळ्यांच्या खात्यात. ब्रेकच्या नळ्या, डिझेलच्या नळ्या. मापाला कापायच्या, वाकवायच्या, तोंड फुलवायचं आणि बसवायच्या. तोंड फुलवणं म्हणजे नळीचं टोक साच्यात धरून दाबायचं, की ते कर्ण्यासारखं बाहेर उघडतं. मागून नट आवळला की ते टोक गच्च बसतं आणि थेंबसुद्धा गळत नाही. आमची ही म्हणते, तुम्हांला जन्मात एवढंच जमलं, तिकडे नळ्यांची तोंडं फुलवायची आणि इकडे स्वतःचं फुगवून बसायचं.

सासऱ्यांना सगळे दादा म्हणतात. वय चौऱ्याऐंशी. उभा जन्म पुलांच्या बांधकामावर देखरेख करण्यात गेला. माणूस कडक, बोलणं मोजकं. आणि आता माझं खरं दुखणं सांगतो. दादा डॉक्टरला ‘तुम्ही’ म्हणायचे आणि मला ‘तू’.

हसू नका. तुम्ही कुणाचे जावई असाल तर कळेल. दारात दोघं बरोबर पाऊल टाकावं, तर ‘या डॉक्टर, बसा’ आणि त्याच दमात ‘मिस्त्री, तो पंखा आवाज करतोय, बघ रे जरा’. डॉक्टर गादीच्या खुर्चीत, मी स्टुलावर चढलेला. मीही जावईच ना? माझंही लग्न याच घरात लागलं ना? हिला एकदा म्हटलं तर म्हणाली, अहो, घरातल्या माणसाला कुणी तुम्ही-आम्ही करतं का. मी म्हटलं, हो हो, घरातला माणूस. घरातला गडी म्हण की सरळ. ती उठून आत गेली.

तर गोष्ट दादांच्या गाडीची. गडद हिरवी, गोल दिव्यांची, चार दारांची, माझ्या जन्माच्या आधीची गाडी. दादांनी घेतली तेव्हाच ती जुनी होती. दोघी बहिणींनी लहानपणी तिचं नाव ठेवलं बेडकी, आणि तेच राहिलं. या बेडकीतून दादा रोज पुलाच्या कामावर जायचे. बावीस किलोमीटर जाणं, बावीस येणं. त्यांनी बांधलेल्या सगळ्या पुलांत त्यांचा जीव त्या एका पुलावर. अकरा वर्षं मात्र बेडकी मागच्या शेडमध्ये धूळ खात होती. मग दादांची नजर जायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, वर्षअखेरीपर्यंत जे काय पाहायचं ते पाहून घ्या. दादांनी फार विचार केला नाही. म्हणाले, बेडकीत बसून एकदा पुलावर जायचंय.

हे बोलणं झालं तेव्हा आम्ही सगळे टेबलाभोवती चहा घेत होतो. मी कप खाली ठेवला. मला वाटलं, आला, आपला दिवस आला. एकतीस वर्षं जिनं खाल्ली ती विद्या आता घरच्या उपयोगी पडणार. आणि दादा वळले ते डॉक्टरकडे. म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही लावाल का हात तिला?”

दातांचा डॉक्टर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येताना हिनं समजूत घातली, तुमच्या कंबरेचं ऑपरेशन झालंय, गाडीखाली झोपायचं नाही असं बजावलंय, म्हणून दादांनी मुद्दामच तुम्हांला सांगितलं नाही. मी म्हटलं, कंबर मोडली, तोंड मोडलं नव्हतं. मला विचारता आलं असतं.

डॉक्टरनं काम केलं, आणि चांगलं केलं, हे त्याहून वाईट. चार महिने तो त्या शेडमध्ये असायचा. टाकी काढून आतला गंज साफ केला, कार्बुरेटर सुटा करून दात घासावेत तसा घासला. हात बारीक कामाला सरावलेला, घाई अजिबात नाही. अडलं की पुस्तक काढून वाचायचा. मी आठवड्यातून एकदा जाऊन बघायचो आणि काही चूक सापडते का ते शोधायचो. एकदा एक वायसर उलटा सापडला. दोन दिवस मी त्या वायसरवर काढले.

मग एका दुपारी तो माझ्या घरी आला. मागच्या खोलीत माझं बाक आहे, कारखान्यातून निघताना विकत घेतलेली दोन-चार जुनी हत्यारं आहेत. एका हातात बेडकीची जुनी पेट्रोलची नळी, टाकीपासून इंजिनापर्यंत जाणारी, गंजून तपकिरी झालेली, दोन ठिकाणी पार चाळण. दुसऱ्या हातात रुमालाची पुरचुंडी. बाकावर रुमाल उघडला तर आत वीतभर लांबीचे तीन तुकडे. एक तांब्याचा, एक जस्त चढवलेल्या साध्या स्टीलचा, एक स्टेनलेसचा.

म्हणाला, बाकी सगळं झालं, आता ही एकच गोष्ट राहिली. दुकानदार म्हणतो तिन्ही चालतात. पुस्तकात एक लिहिलंय, ओळखीचे लोक दुसरंच सांगतात. “भाऊ, तुम्ही सांगाल ते घेतो. यातलं मला काही कळत नाही.”

बघा, विचारलं त्यानं मला. चार महिने मी ज्याची वाट पाहत होतो तेच झालं होतं. आणि उत्तर माझ्या जिभेवर होतं. स्टेनलेस गंजत नाही, पण कडक असतं. डॉक्टरकडच्या हातानं फिरवायच्या साच्यात त्याचं तोंड नीट फुलणार नाही, पेट्रोल पाझरत राहील. साधं स्टील वाकवायला हट्टी, पण एकदा बसलं की बसलं. जुनी नळी साध्या स्टीलचीच होती आणि पन्नासच्या वर वर्षं टिकली होती. आणि तांबं? तांबं बोटाभोवती वळतं, लोण्यासारखं फुलतं, चकाकतं. पण इंजिन सतत हादरत असतं. त्या हादऱ्यांनी तांबं हळूहळू कडक होतं आणि एक दिवस नटापाशी केसाएवढी चीर जाते. पेट्रोल ठिबकायला लागतं. आणि खालून सायलेन्सरचा तापलेला पाइप जातो.

आमच्या खात्यात तांब्याच्या नळीला ‘पाहुणा’ म्हणायचे. नटूनथटून येतो, सगळ्यांशी गोड बोलतो, पण राहायला येत नाही. कुणी नवख्यानं इंधनाला तांबं लावलं की फोरमन लांबूनच ओरडायचा, पाहुणा कुणी बसवला रे? मी एकदा हे दादांनाही सांगितलं होतं, खूप वर्षांपूर्वी. जेवणं झाली होती, ते पेपर वाचत होते. मी पाहुण्याची सगळी कथा रंगवून सांगितली. त्यांनी ‘हं’ केलं आणि पान उलटलं. माझ्या अपमानांच्या यादीत तोही दिवस होता.

मी स्टीलचा तुकडा उचलायला हात पुढे केला होता. खरंच केला होता. तेवढ्यात डॉक्टर सहज म्हणाला, “परवा बाटलीतून पेट्रोल सोडून इंजिन चालवून पाहिलं, दादांनी आवाज ऐकला. म्हणाले, डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहे.”

माझा हात बाजूला सरकला आणि तांब्यावर गेला.

“तांबं घ्या,” मी म्हटलं. “बोनेट उघडलं की कसं उठून दिसेल.”

ही तेव्हा चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. तिला नळ्यांतलं काही कळत नाही, निदान मला तसं वाटत होतं.

डॉक्टर खूश झाला. म्हणाला, मग इथेच एकदा करून बघतो, चुकलो तर सांगा. त्यानं तांब्याचा तुकडा कापला, टोक कानसून गुळगुळीत केलं, साच्यात धरला आणि सावकाश दाबला. तोंड असं सुरेख फुललं की कारखान्यात दाखवायला ठेवावं. आणि नट राहिला होता बाकावर. आमच्या धंद्यातला पहिला धडा हाच. नट आधी नळीत ओवायचा, मग तोंड फुलवायचं. तोंड फुलल्यावर नट आत जात नाही, सगळी मेहनत कापून फेकावी लागते. मी त्याचा नट पहिल्यापासून बघत होतो. माझ्या कोपरापाशीच पडला होता. मी चहा पीत बसलो.

त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो स्वतःलाच हसला. म्हणाला, दात बसवून झाल्यावर हिरडी शोधण्यातला प्रकार. तोंड कापून टाकलं, नट ओवला, पुन्हा केलं. मी बसल्या जागी काहीच बोललो नाही हे त्याच्या ध्यानात आलं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

तो गेल्यावर मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. मी सगळं ठरवलंच होतं. एकदा पुलावर जाऊन यायचं, तेवढ्यानं नवीन तांब्याला काही होत नाही. चार-सहा महिन्यांनी नळी ठिबकायला लागेल, पेट्रोलचा वास येईल, डॉक्टर डोकं खाजवत बसेल. मग मला बोलावणं येईल. मी बोनेट उघडणार, नटापाशी नेमकं बोट ठेवणार आणि म्हणणार, इथे. दादा तिथे असतील. मग त्यांनी मला काय म्हणायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. ‘मिस्त्री, तुम्हीच पाहायला हवं होतं आधी.’ तुम्हीच. दाढी करताना ते वाक्य मी दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

पण आठवडाभरानं डॉक्टरचा फोन आला. नळ्या बसल्या, गाडी सुरू झाली, येत्या रविवारी सकाळी निघायचं. आणि दादांनी आता नवीनच काढलं होतं. एकदाच जाऊन भागणार नाही म्हणाले. नजर आहे तोवर दर रविवारी जायचं. डॉक्टर चालवणार, दादा पुढे, मागे दोघी लेकी. मीही चलावं, मागे तिघं मावतात.

दर रविवारी. मी फोन ठेवला आणि हिशेब केला, चार महिन्यांत सोळा-सतरा रविवार. मग तो हिशेब मला सारखाच करावासा वाटायला लागला. जेवताना केला, पायऱ्या चढताना केला. हिनं रविवारसाठी कपडे काढून ठेवले होते आणि बहिणीशी फोनवर खिडकी कुणाची यावरून भांडत होती, साठीला आलेल्या दोघी. मी म्हटलं, आपण नको जाऊ या. ती म्हणाली, पुन्हा तोंड फुगलं का? आत्ता सांगितलं तर काय सांगणार? की मला माहीत होतं म्हणून?

रविवारी सकाळी शेडमध्ये सगळे जमलो. बेडकी धुऊनपुसून उभी होती. डॉक्टरनं बोनेट उघडलं आणि ती तांब्याची नळी उन्हात चमकली. मेव्हणी म्हणाली, अगं बाई, दागिनाच की. डॉक्टरनं लगेच माझ्याकडे हात केला, पण तो काही बोलायच्या आत दादा पुढे आले. त्यांना ती चमक दिसत नव्हती. म्हणाले, मला हात लावू द्या, हातानंच बघतो आता. जन्मभर पुलाचे रिव्हेट बोटांनी तपासलेला माणूस. डॉक्टरनं त्यांचा हात धरून इंजिनावर ठेवला.

त्यांची बोटं पंपावर फिरली, मग पंपातून कार्बुरेटरकडे जाणाऱ्या नळीवर आली. तिथे थांबली. त्यांनी अंगठ्यानं नळी मधोमध दाबली, ती किंचित लवली. नखानं खरवडली. बोटं नाकाशी नेऊन हुंगली.

“डॉक्टर,” दादा म्हणाले, “पाहुणा कुणी बसवला?”

डॉक्टरला काही कळेना. कोण पाहुणा, म्हणाला. दादा म्हणाले, “तांबं हो. हादऱ्यांनी कडक होतं, नटापाशी चिरतं, खाली सायलेन्सर तापलेला असतो. मिस्त्रीनं सांगितलंय मला हे सगळं, वीस वर्षं झाली असतील. त्याला विचारलं नाहीत का?”

म्हणजे ऐकलं होतं. पान उलटता उलटता शब्दन् शब्द ऐकला होता आणि वीस वर्षं जपून ठेवला होता. फोरमनचं वाक्यसुद्धा.

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. हुशार माणूस आहे, त्याला वेळ लागला नाही. मी चहा पीत होतो आणि नट बाकावर होता, तेही त्याला तेव्हाच आठवलं असणार. मी नजर खाली घातली. आणि मग तो दादांना म्हणाला, “चूक माझी, दादा. दिसायला छान वाटलं म्हणून घेतलं. भाऊंना विचारायचं राहूनच गेलं.”

झालं. माझी अब्रू झाकायचं कामही त्यानंच करून टाकलं. मला वाचवल्याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला काय वाटलं ते ऐका. मला वाटलं, हेही यालाच सुचलं. चांगुलपणातसुद्धा माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलं नाही यानं. आणि समोर ही उभी होती, त्या दिवशी दारात चहा घेऊन उभी होती तशीच, माझ्याकडे बघत. तिनं तोंड उघडलं असतं तर मी कदाचित गप्प राहिलो असतो.

“त्यांनी विचारलं होतं,” मी म्हटलं. “मीच तांबं सांगितलं. मुद्दाम सांगितलं.”

दादांनी खिशातून रुमाल काढला आणि बोटं पुसली. एकेक बोट. मग म्हणाले, “मागे माझ्या मुली बसणार होत्या. हे तुम्हांला माहीत होतं?”

मला वाटलं, ते आम्हां दोघांना विचारतायत. मी डॉक्टरकडे पाहिलं. दादा म्हणाले, “मिस्त्री, तुमच्याशी बोलतोय मी.”

एकोणतीस वर्षं मी त्या ‘तुम्ही’ची वाट पाहिली होती. आला तो असा आला. आवाज चढला नव्हता, शब्द एकही वावगा नव्हता. एखाद्या ठेकेदाराशी बोलावं तसे ते माझ्याशी बोलत होते. मी हो म्हटलं. माहीत होतं, दादा. घरी साध्या स्टीलची नळी आहे, मी घेऊन येतो, दुपारपर्यंत बसवून देतो.

“आणा,” दादा म्हणाले.

घरी जाऊन नळीचं वेटोळं आणि हत्यारं घेतली. ही बरोबर आली होती. पिशवी तिनंच उचलली. वाटेत एवढंच म्हणाली, गाडीखाली जाऊ नका, कंबर सांभाळा. मला ती दोन शिव्या देती तर बरं झालं असतं.

शेडमध्ये मी बाक लावलं. डॉक्टर गाडीखाली झोपला, मी वरून मापं सांगत होतो. तांबं उतरवलं. टाकीपासून पंपापर्यंतची लांब नळी आधी केली. सरळ करायची, चॅसीच्या कडेनं जाते तिथे दोन वाकणं, सायलेन्सरपासून चार बोटं लांब. डॉक्टर खालून विचारायचा, मी सांगायचो, तो पकडायचा. त्याच्या बोलण्यात काही फरक नव्हता. दादा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मधूनच विचारायचे, किती राहिलं, डॉक्टर? मी जवळ असलो तरी डॉक्टरलाच. एकदा हत्यार माझ्या हातून पडलं तर म्हणाले, सांभाळा मिस्त्री, पायावर पडेल. इतकं व्यवस्थित बोलत होते की मी प्रत्येक माप दोनदा घ्यायला लागलो.

शेवटी पंपाची छोटी नळी राहिली. वीतभराची, डोळे मिटून करावी अशी. मी कापली, कानसली, साच्यात धरली, दांडा फिरवायला घेतला. लक्ष सगळं दाराशी बसलेल्या दादांकडे होतं. एकतीस वर्षांत काम करताना माझं लक्ष असं कधी उडालं नव्हतं. डॉक्टर हात पुसत बाकापाशी येऊन उभा राहिला. त्यानं बाकावर पाहिलं, मग साच्याकडे पाहिलं. बाकावरचा नट त्यानं उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“आधी हा,” तो हळूच म्हणाला.

तो गप्प राहू शकत होता. त्याचा हक्क होता तो. मी नळी साच्यातून काढली, नट ओवला आणि पुन्हा धरली. दाराशी दादांनी विचारलं, काय झालं? डॉक्टर म्हणाला, काही नाही दादा, होतंय.

दुपारी दोनला इंजिन सुरू झालं. दहा मिनिटं चालू ठेवलं, मी प्रत्येक जोडाखाली कागद फिरवला, कुठे डाग नाही. इंजिन बंद करून दादांना हाताला धरून आणलं. त्यांनी अंगठ्यानं नळी दाबली. हलली नाही. ‘हं,’ म्हणाले. मग त्यांनी हवेत हात पुढे केला आणि तो डॉक्टरच्या खांद्यावर पडला. “चल रे डॉक्टर,” ते म्हणाले, “काढ गाडी. उजेड आहे तोवर नेऊन आण मला.”

चल रे. काढ. नेऊन आण. बाकी कुणाच्या कानालाही ते लागलं नसेल. दोघी बहिणी खिडकीवरून वाद घालत होत्या. डॉक्टरलासुद्धा कळलं की नाही देव जाणे, तो किल्ली शोधत होता. तेहतीस वर्षं ज्याला अहो-जाहो केलं त्याला दादा ‘तू’ म्हणाले होते, आणि मी गाडीचं दार धरून उभा राहिलो. तो ‘तू’ माझा होता. मला तो नको होता आणि माझाच होता.

“मिस्त्री, तुम्ही मागे बसा,” दादा म्हणाले.

मी मागे बसलो, दोघींच्या मध्ये, पाय आखडून. बेडकी छान चालली. डॉक्टर सावकाश चालवत होता. पुलावर पोहोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. दादा डॉक्टरचा हात धरून कठड्यापाशी गेले आणि रिव्हेटवरून बोटं फिरवत राहिले. नजरेला काय दिसतंय विचारलं तर म्हणाले, एक काळी रेघ दिसते, पण सरळ दिसते. मी गाडीपाशी थांबून बोनेट उघडलं आणि नळी पाहिली. कोरडी होती.

परत आल्यावर डॉक्टर शेडचं दार उघडायला उतरला. दोघी त्याच्या मागे गेल्या. दादा पुढच्या सीटवर, दार उघडून, बाहेर हात काढून बसले होते. हाताला कुणीतरी हवं होतं. मी गेलो आणि हात दिला. त्यांनी तो धरला, पायावर भार घेतला आणि उभे राहिले. तेवढ्यात त्यांचा अंगठा माझ्या तळहातावरच्या घट्ट्यांवरून फिरला, नळीवरून फिरला होता तसाच, आणि जरा थांबला.

“छान झालं काम,” दादा म्हणाले. “चल, सावकाश ने मला आत.”

कुणाला म्हणाले ते, मी विचारलं नाही.